वाटीखालचा पट्टा, नीकॅप आणि फिजिओथेरपी: किशोरवयीन गुडघेदुखीत कशाचा किती उपयोग होतो

मैदानावर खेळणाऱ्या मुलामुलींच्या पायावर, गुडघ्याच्या वाटीच्या लगेच खाली, दोन बोटे रुंदीचा एक पट्टा बांधलेला आपण अनेकदा पाहतो. हा पट्टा, गुडघेदुखीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या आणखी काही वस्तू आणि फिजिओथेरपीची सेवा या सगळ्यांचा अनुभव माझ्या मुलीच्या दुखण्यामुळे घेता आला. ती बास्केटबॉल खेळते. तेराव्या वर्षी तिचा उजवा गुडघा दुखू लागला आणि विश्रांती घेतली की कमी, खेळले की पुन्हा जास्त, अशा पद्धतीने ते दुखणे महिनोन्‌महिने रेंगाळले. माझे मत आधीच स्पष्टपणे नोंदवते. पट्टा उपयोगी आहे, परंतु ठरावीक प्रकारच्या दुखण्यात आणि तोही खेळाच्या वेळेपुरताच. दुखणे ज्यामुळे खरोखर हटले, ते काम योग्य निदानाने, खेळाचा भार मोजून-मापून कमी करण्याने आणि नेटाने केलेल्या व्यायामाने केले. त्यामुळे या अभिप्रायात वस्तूंइतकीच जागा मी तपासणीलाही देणार आहे, कारण गुडघा का दुखतो हे कळल्याशिवाय घेतलेली कोणतीही वस्तू अंदाजाने घेतलेली असते.

पट्टा नेमके काय करतो, हे समजण्यासाठी गुडघ्याची रचना थोडी लक्षात घ्यावी लागते. मांडीच्या पुढच्या बाजूचे चार स्नायू खाली येऊन वाटीला धरतात आणि वाटीपासून निघालेली जाड, चिवट कंडरा नडगीच्या हाडाच्या वरच्या भागातील एका उंचवट्याला जोडलेली असते. उडी मारणे, धावताना एकाएकी थांबणे, पायऱ्या उतरणे, चेंडूला लाथ मारणे या प्रत्येक हालचालीत या कंडरेवर जोराचा ताण येतो आणि तो थेट त्या उंचवट्यावर जातो. प्रौढ माणसात तेथे पक्के हाड असते, तर वाढत्या वयात तो भाग अजून कूर्चेचा, म्हणजे तुलनेने मऊ असतो. त्यातच उंची भराभर वाढत असते, मांडीचे स्नायू त्या मानाने आखडलेले असतात आणि खेळाचे तासही याच वयात वाढतात. परिणामी तो उंचवटा सतत ओढला जाऊन दुखू लागतो, सुजतो आणि पुढे तेथे टेंगूळ दिसू लागते. याला ऑस्गुड-श्लॅटर विकार म्हणतात. अमेरिकेतील रॉबर्ट ऑस्गुड आणि स्वित्झर्लंडमधील कार्ल श्लॅटर या दोघांनी 1903 साली स्वतंत्रपणे त्याचे वर्णन केले, म्हणून ही दोन नावे. मुलींमध्ये तो साधारण 8 ते 13 आणि मुलांमध्ये 10 ते 15 या वयात आढळतो, कारण मुलींची वाढ लवकर होते. पुष्कळ मुलांना तो एकाच पायात होतो. पण दोन्ही गुडघे दुखणारी मुलेही कमी नसतात.

पट्टा हा वाटी आणि हा उंचवटा यांच्या मधोमध, कंडरेवर दाब देतो. दाबामुळे ओढीचा काही भाग वाटला जातो आणि उंचवट्यावर येणारा ताण कमी जाणवतो, अशी त्यामागची कल्पना आहे. त्याचा परिणाम दाखवणारा वैद्यकीय पुरावा मर्यादितच आहे आणि पट्ट्यामुळे विकार लवकर बरा होतो, असे म्हणण्यास आधार नाही. आपल्याला त्यातून मिळतो तो तात्पुरता आराम. ज्या मुलाला सरावाचा तासभर कमी वेदनेत पार पाडता येतो, त्याच्या दृष्टीने हा आराम लहान नसतो, हे मी मुलीच्या चेहऱ्यावर पाहिले आहे.

पट्टा घेण्यापूर्वी झालेली तपासणी मात्र मला पट्ट्याहून अधिक मोलाची वाटते. आम्ही ज्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो, त्यांनी सुरुवातीला गुडघ्याला हातही लावला नाही. दुखणे कधी सुरू झाले, एकाएकी की हळूहळू, रात्री झोपेतून जाग येते का, सकाळी उठल्यावर गुडघा आखडलेला असतो का, सूज येते का, गुडघा मध्येच अडकतो किंवा दगा देतो का, आठवड्यात किती तास खेळ होतो आणि गेल्या काही महिन्यांत तो किती वाढला, हे सगळे त्यांनी मुलीलाच विचारले. मी मध्ये बोलू लागले तेव्हा, "तिलाच सांगू द्या ताई," असे हसून म्हणाल्या. मग त्यांनी तिला टेबलावर बसवले, पाय खाली मोकळे सोडायला लावले आणि अंगठ्याच्या टोकाने एकेक जागा दाबत गेल्या: वाटीची आतली कड, बाहेरची कड, वाटीचे खालचे टोक, कंडरेचा मधला भाग. या सगळ्या ठिकाणी मुलगी शांत होती. अंगठा नडगीवरच्या उंचवट्यावर आला तेव्हा मात्र तिने टेबलाची कड घट्ट धरली. बाईंनी लगेच दाब काढला, आपला तळहात तिच्या घोट्यावर ठेवला आणि त्या विरोधाला पाय सरळ करायला सांगितला. पुन्हा दुखले ते त्याच जागी. गुडघेदुखीचे निदान पुष्कळ वेळा असे एका बोटाने दाखवता येणाऱ्या जागेवरून होते. ऑस्गुड-श्लॅटरसाठी एक्स-रे प्रत्येक वेळी आवश्यक नसतो. दुसरे काही असल्याची शंका आली, तर तो काढला जातो.

त्यानंतर त्यांनी तिला पाठीवर झोपवून खुब्याचा सांधा आत आणि बाहेर फिरवून पाहिला. दुखतो गुडघा आणि तपासतात खुबा, याचे मला नवल वाटले. त्यावर मिळालेले उत्तर प्रत्येक पालकाला ठाऊक असावे असे आहे. किशोरवयात मांडीच्या हाडाचा वरचा गोल माथा वाढीच्या पट्टीपाशी, म्हणजे हाड जिथून वाढते त्या कूर्चेच्या थरापाशी, सरकण्याचा एक विकार होतो आणि त्यात कित्येकदा खुबा न दुखता केवळ मांडी किंवा गुडघाच दुखतो. साधारण 10 ते 16 या वयातील, विशेषतः वजन जास्त असलेल्या मुलांमध्ये तो अधिक आढळतो. मूल लंगडते, चालताना पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले दिसते आणि खुबा आत फिरवला तर दुखतो किंवा पुरेसा फिरतच नाही. अशा मुलाला त्या पायावर भार देऊ न देता त्याच दिवशी रुग्णालयात नेऊन खुब्याचा एक्स-रे काढावा लागतो, कारण उशीर झाल्यास सांध्याचे कायमचे नुकसान होऊ शकते. गुडघ्याचे कितीही एक्स-रे काढले आणि कितीही पट्टे बांधले, तरी हा विकार त्यात सापडत नाही. म्हणून जी तपासणी खुबा न पाहता संपते, तिला मी अपुरी म्हणेन, मग ती कितीही नावाजलेल्या ठिकाणी झालेली असो.

गुडघ्यातीलच इतर कारणांपैकी सर्वांत अधिक आढळणारे म्हणजे वाटीच्या मागचे किंवा भोवतालचे दुखणे. यात दुखणारी जागा बोटाने दाखवता येत नाही. मूल संपूर्ण तळहात गुडघ्यावर ठेवून "इथे सगळीकडे" असे सांगते. पायऱ्या चढता-उतरताना, उकिडवे बसताना आणि गुडघा वाकवून वर्गात बराच वेळ बसल्यानंतर ते वाढते. मुलींमध्ये ते अधिक दिसते. एक्स-रे आणि एमआरआय सहसा निर्दोष येतात. त्यामुळे घरात "काही नाही, नाटक करते" असा निष्कर्ष निघण्याची भीती असते आणि हा निष्कर्ष मुलावर मोठा अन्याय करणारा आहे. हे दुखणे खरे असते आणि दुर्लक्ष केल्यास ते वर्षानुवर्षे टिकू शकते. आपोआप जाईल, असे गृहीत धरून बसणे योग्य नाही. वाटीच्या खालच्या टोकाला दुखत असेल आणि वय 10 ते 13 च्या आसपास असेल, तर तो ऑस्गुड-श्लॅटरचाच भाऊ म्हणता येईल असा, त्याच ओढीमुळे पण कंडरेच्या वरच्या टोकाला होणारा विकार असतो. वाढ पूर्ण होत आलेल्या, सतत उड्या मारणाऱ्या खेळाडूंत कंडराच दुखावलेली असते.

काही कारणे कमी आढळतात, पण ती निसटता कामा नयेत. मांडीच्या हाडाच्या टोकावरचा कूर्चेसह हाडाचा लहानसा तुकडा रक्तपुरवठा बिघडल्याने सैल होतो, तेव्हा अधूनमधून सूज येते, गुडघा अडकतो आणि नेमके चित्र एमआरआयवर कळते. वाढीच्या पट्ट्या अजून खुल्या असतील आणि तुकडा जागेवर घट्ट असेल, तर खेळ थांबवून तो भरून येण्याची शक्यता चांगली असते. वयाच्या 16 वर्षांपूर्वी सुरू झालेली आणि सहा आठवड्यांहून अधिक टिकलेली सांध्याची सूज, त्यासोबत सकाळचा आखडलेपणा, हे बालसंधिवाताचे लक्षण असू शकते आणि त्यात डोळ्यांच्या आतही दाह होत असल्याने नेत्रतपासणी करावी लागते. पाय रोवलेला असताना शरीर वळले, "कट्" असा आवाज झाला आणि काही तासांत गुडघा फुगला, तर सांध्याच्या आतला अस्थिबंध, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारा दोरीसारखा बंध, तुटल्याचा संशय घ्यावा. तेथे हळूहळू सुरू होणाऱ्या दुखण्याचे कोणतेच नियम लागू होत नाहीत.

"वाढीचे दुखणे आहे, जाईल" हे वाक्य आम्हीही नातेवाइकांकडून पुष्कळ ऐकले. लहान मुलांमध्ये संध्याकाळी किंवा रात्री दोन्ही पायांच्या मांड्या-पोटऱ्या दुखतात, चोळल्यावर बरे वाटते आणि सकाळी मूल पूर्ववत धावू लागते, त्याला वाढीचे दुखणे म्हणतात. ते सांध्यात नसते आणि त्यात सूज किंवा लंगडणे नसते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा एकच गुडघा आठवड्यामागून आठवडे दुखत असेल, तर त्याला हे नाव देऊन गप्प बसवू नये.

पुढील परिस्थितीत कोणतीही वस्तू विकत घेण्यात वेळ घालवू नये, असे मी कळकळीने सांगते. विश्रांतीतही दुखणे, झोपेतून जागे करणारा ठणका, वाढत जाणारी गाठ किंवा सूज, कारण नसताना वजन घटणे, ताप, सांधा लाल व गरम होणे, पायावर भार देता न येणे, गुडघा अडकणे किंवा पूर्ण सरळ न होणे, यांपैकी काहीही असल्यास थेट डॉक्टरांकडे जावे. हाडाचा जो कर्करोग किशोरवयात होतो, तो गुडघ्याच्या वरच्या आणि खालच्या हाडांतच अधिक आढळतो. तो दुर्मीळ आहे, पण खेळताना लागलेल्या मारावर खापर फोडून तपासणी लांबवली जाणे हे त्यात अनेकदा घडते.

आता पट्ट्याविषयी. बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. एकात मध्यभागी नळीसारखी गोल, टणक उशी असते, तर दुसऱ्यात चपटी जेलची किंवा फोमची पट्टी असते. आम्ही दोन्ही वापरून पाहिले. गोल नळीचा दाब नेमका पडतो, परंतु कृश पायाच्या मुलांना तो टोचतो आणि गुडघा पूर्ण वाकवला की नळी वर सरकून वाटीच्या टोकाला भिडते. चपटी उशी जागेवर अधिक चांगली राहते, म्हणून किशोरवयीन पायासाठी मी तीच सुचवेन. पट्ट्याची मागची बाजू हा दुसरा महत्त्वाचा मुद्दा आहे: गुडघ्यामागच्या खळगीत त्वचा नाजूक असते, घाम साचतो आणि जाड शिवण असेल तर अर्ध्या तासात लाल वळ उठतो. शिवण बाहेरच्या बाजूला असलेला, मागे अरुंद होत गेलेला पट्टा निवडावा. वेल्क्रोचे टोक मऊ कापडाने मढवलेले नसेल, तर ते दुसऱ्या पायाला घासते. बास्केटबॉलच्या बचावात गुडघे जवळ येतात, त्यामुळे आमच्याकडे ही तक्रार पहिल्याच सरावात आली.

बांधण्याची पद्धत चुकली, तर चांगला पट्टाही त्रास देतो. गुडघा किंचित वाकवून बसावे, वाटीचे खालचे टोक आणि नडगीवरचा उंचवटा बोटाने चाचपावा आणि उशी या दोहोंच्या मधल्या मऊ, दोरीसारख्या जागेवर ठेवावी. दुखऱ्या टेंगळावर पट्टा कधीही बांधू नये. दाबाने दुखणे वाढते. पट्ट्याखाली एक बोट सहज जावे इतपतच तो घट्ट असावा. पायाला मुंग्या आल्या, पाऊल गार पडले किंवा पोटरी फुगल्यासारखी वाटली, तर लगेच सोडावा. तो खेळाच्या वेळीच वापरावा, झोपताना मुळीच नाही. वाटीच्या खालच्या टोकाला दुखणाऱ्या मुलांना उशी दुखऱ्या जागेच्या फार जवळ येत असल्याने पट्टा कधी मानवतो, कधी नाही. आणि वाटीमागच्या दुखण्यात त्याच्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. दहा मिनिटे तो बांधून पायऱ्या चढून-उतरून पाहणे ही साधी परीक्षा आहे. दुखणे स्पष्टपणे कमी वाटले नाही, तर तो आपल्या मुलासाठी नाही, असे समजावे.

पट्ट्याचा एक धोकाही नोंदवला पाहिजे. वेदना कमी झाली की मूल आणि प्रशिक्षक दोघेही भार कमी करण्याचे विसरतात. पट्टा बांधून पूर्वीइतकेच, किंवा त्याहून जास्त खेळले, तर उंचवट्यावरची ओढ चालूच राहते. सामन्याआधी वेदनाशामक गोळी घेऊन उतरण्याविषयीही माझे हेच मत आहे. गोळी डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी दिली तर घ्यावी. खेळण्याचा परवाना म्हणून ती वापरू नये. ॲस्पिरिन तर मुलांना डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय मुळीच देऊ नये, कारण विषाणूजन्य तापाच्या काळात त्यामुळे यकृत आणि मेंदूला गंभीर इजा होण्याचा धोका असतो. दुखऱ्या उंचवट्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेण्याचा सल्ला कोणी दिला, तर दुसऱ्या तज्ज्ञांचे मत अवश्य घ्यावे. या विकारात ते योग्य मानले जात नाही.

नीकॅपविषयी थोडक्यात. वाटीच्या जागी गोल भोक असलेली निओप्रीनची नीकॅप गुडघा उबदार ठेवते आणि आधार असल्याची जाणीव देते. वाटीमागच्या दुखण्यात काही मुलांना तिने बरे वाटते. वाटी जागेवर धरून ठेवण्याचे सामर्थ्य तिच्यात असल्याचा दावा मात्र मला पटत नाही. ती दिवसभर घालून वर्गात बसणे निरर्थक आहे. लोखंडी बिजागऱ्यांचा ब्रेस हा अस्थिबंधाच्या दुखापतीनंतर डॉक्टरांनी सांगितला तरच घ्यायचा असतो. हळूहळू सुरू झालेल्या दुखण्यात तो मुलाला विनाकारण अपंगत्वाची भावना देतो. त्या मानाने बर्फाची जेल पिशवी साधी आणि कामाची आहे: खेळानंतर पातळ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे ठेवावी. ती वेदना शमवते, विकार बरा करत नाही. अतिथंड झाल्यावर दगडासारखी कडक होणारी पिशवी गुडघ्याच्या उंचसखल भागावर बसत नाही, म्हणून गोठल्यावरही वाकणारी घ्यावी. बुटात घालायच्या तळव्यांनी वाटीमागच्या दुखण्यात सुरुवातीच्या काही आठवड्यांत आराम मिळू शकतो. त्यापलीकडे त्यांच्यावर अवलंबून राहू नये.

फिजिओथेरपीच्या सेवेचे दोन अगदी भिन्न अनुभव आम्हाला आले आणि त्यातला फरक सांगणे हाच या अभिप्रायाचा गाभा आहे. पहिल्या ठिकाणी मुलीला रोज पडद्याआड झोपवून गुडघ्याला तारा लावत, मग अल्ट्रासाउंडचे गार जेल फिरवत आणि वीस मिनिटांनी "उद्या या" असे सांगत. खेळ पूर्ण बंद करायला सांगितला होता, पण पुन्हा केव्हा आणि कसा सुरू करायचा, यावर कोणीही बोलत नव्हते. मुलगी हिरमुसली आणि मैत्रिणींपासून तुटली, तरी पायऱ्या उतरताना गुडघा दुखतच राहिला. वाटीमागच्या दुखण्याविषयी तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत खुबा आणि गुडघा या दोन्हींच्या स्नायूंचे व्यायाम सुचवलेले आहेत आणि विजेच्या किंवा ध्वनिलहरींच्या यंत्रोपचारांची शिफारस केलेली नाही. तेव्हा जेथे यंत्र हाच उपचार आहे, तेथे पालकांनी नम्रपणे पण ठामपणे व्यायामाची मागणी करावी.

दुसऱ्या ठिकाणी, म्हणजे ज्या बाईंच्या तपासणीचे वर्णन वर केले तेथे, पहिले काम हिशेबाचे होते. शाळेचा खेळ, क्लबचा सराव, सामने आणि शाळेतील शारीरिक शिक्षणाचा तास, हे सारे एका वहीत मांडल्यावर आठवड्यातील खेळाचे तास मुलीच्या वयाच्या आकड्याहून अधिक निघाले. आठवड्यातील संघटित खेळाचे तास वयाच्या वर्षांपेक्षा जास्त नसावेत, आठवड्यातून किमान एक पूर्ण दिवस विश्रांतीचा असावा आणि वर्षातून काही महिने त्या एका खेळापासून सुटका असावी, हा बालक्रीडा वैद्यकातील सर्वमान्य दंडक आहे. त्यांनी खेळ बंद केला नाही. सुरुवातीचे काही आठवडे उड्या, वेगाने धावणे आणि एकाएकी थांबणे तेवढे बाजूला ठेवले. जागेवरून बास्केटमध्ये चेंडू टाकण्याचा सराव, चेंडू हाताळणे, पोहणे आणि हलकी सायकल चालू ठेवली. संघासोबत मैदानावर जाणे चालू राहिल्यामुळे मुलीचा स्वभाव पुन्हा खुलला आणि व्यायामालाही ती राजी झाली. प्रशिक्षकांना द्यायची चिठ्ठीही त्यांनी लिहून दिली, ज्यात काय करू नये याहून काय करता येईल हे अधिक विस्ताराने लिहिले होते.

वेदनेची मोजणी हा त्या पद्धतीचा कणा होता. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे कल्पनेतील सर्वांत वाईट दुखणे. व्यायाम किंवा खेळ करताना दोनपर्यंत दुखले तर चालू ठेवावे, तीन ते पाचमध्ये सावध राहून वाढवू नये आणि पाचच्या वर गेले तर त्या दिवशी थांबून पुढच्या वेळी भार कमी करावा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे पूर्वीच्या पातळीवर आलेले असावे, ही त्यातली अट. "दुखले तर थांब" या मोघम सूचनेने मूल घाबरते किंवा दुखणे लपवते. आकडा हाती आला की ते स्वतः निर्णय घेऊ लागते. आमच्या मुलीने तर मला बोलू देणेच बंद केले आणि वहीतला आकडा दाखवून त्या दिवशी काय करायचे ते आपणच ठरवू लागली.

व्यायाम साध्या गोष्टींपासून सुरू झाले: पाय सरळ ठेवून मांडी आवळून धरणे, पाठीवर झोपून कंबर उचलणे, कुशीवर झोपून वरचा पाय उचलणे. पुढे पाठ भिंतीला टेकवून अर्धे बसणे, पायरीवर चढ-उतार, एक पाय पुढे टाकून वाकणे आणि लवचिक पट्टा गुडघ्यांभोवती घालून बाजूला चालणे आले. पायरी उतरताना गुडघा आत झुकतो का, हे त्या समोर बसून पाहत आणि झुकला की दोन बोटांनी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हलका स्पर्श करत. मुलगी तत्काळ तो सरळ रेषेत आणी. मांडीच्या पुढच्या स्नायूंचा ताणही दिला, पण उंचवटा फार दुखत असताना जोराने ताणायचे नाही, अशी ताकीद होती. उड्या सर्वांत शेवटी, आधी दोन पायांवर आणि मग एका, अशा क्रमाने परत आल्या. लवचिक पट्टे ही मी घेतलेल्या सर्व वस्तूंतली सर्वांत उपयोगी वस्तू ठरली. मात्र ते चामडीवर गुंडाळले जाणार नाहीत असे कापडी घ्यावेत.

यास किती काळ लागतो, याबाबत स्पष्ट बोलणारा चिकित्सक भेटणे हे भाग्य आहे. डेन्मार्कमधील संशोधकांनी 2020 मध्ये ऑस्गुड-श्लॅटर असलेल्या 10 ते 14 वयोगटातील 51 मुलांवर अशाच पद्धतीचा 12 आठवड्यांचा कार्यक्रम करून पाहिला. बारा आठवड्यांनी 80 टक्के मुलांनी आपल्यात चांगली सुधारणा झाल्याचे सांगितले, परंतु त्या वेळी खेळात परतलेली मुले केवळ 16 टक्के होती. वर्षभराने ती 69 टक्के झाली. या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे ध्यानात ठेवूनही त्यातून अपेक्षा नीट लावता येते: बरे वाटणे आणि पूर्ण ताकदीने खेळणे यांत काही महिन्यांचे अंतर असते. "आठ दिवसांत मैदानावर" असे आश्वासन देणाऱ्या कोणत्याही सेवेपासून मी दूर राहीन.

घरबसल्या चित्रफितींतून व्यायाम शिकवणाऱ्या सेवाही आम्ही पाहिल्या. निदान झालेले असेल आणि मूल शिस्तीचे असेल, तर त्या पूरक म्हणून चांगल्या आहेत. खुबा फिरवून पाहणे आणि अंगठ्याने जागा दाबणे हे मात्र पडद्यातून होत नाही, त्यामुळे पहिली भेट प्रत्यक्षच व्हावी. ड जीवनसत्त्वाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या गुडघेदुखीवर सर्रास दिल्या जातात; कमतरता असेल तर त्या जरूर घ्याव्यात, पण त्यांनी कंडरेची ओढ कमी होत नाही.

आमच्याकडचा पट्टा आता केवळ लागोपाठच्या सामन्यांच्या दिवशी निघतो. तो हाताने कोमट पाण्यात धुवावा, वेल्क्रो बंद करून सावलीत वाळवावा आणि पकड सैल झाली की बदलावा, कारण खेळताना घसरून टेंगळावर आलेला पट्टा नसलेला बरा. वाढीच्या पट्ट्या बंद झाल्यावर ऑस्गुड-श्लॅटरचे दुखणे बहुतेकांचे थांबते, शस्त्रक्रियेची वेळ क्वचितच येते आणि तीही वाढ पूर्ण झाल्यानंतर. नडगीवरचे टेंगूळ मात्र अनेकांना कायम राहते व गुडघे टेकून बसताना ते टोचू शकते. त्यासाठी गुडघ्याखाली ठेवायची जाड, मऊ गादी पुरते आणि ती कोणत्याही पट्ट्याहून अधिक वर्षे उपयोगी पडते.